झोंडागची किल्ली

आर्वी, १८ ऑगस्ट २०२५

पुनाजीभाऊ, नमस्कार.

काल तुम्ही चौथ्यांदा माझा फोन कापला. पहिल्या तीन वेळा मी रेंजला दोष दिला. चौथ्या वेळी तुम्ही स्पष्ट "हॅलो" म्हणालात, मी "वर्षाली बोलते, जिन वाचनालयातून" म्हटलं आणि फोन बंद झाला. म्हणून हे पत्र. पत्र कापता येत नाही. फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस एकदा नजर टाकतोच, आणि तुम्ही तर फुटाण्याच्या पुडीचा कागदही वाचून मगच टाकायचात.

कामाचं सांगते. आपलं डच घड्याळ जायच्या बेतात आहे. बबनराव तुमच्या वेळीही समितीचे अध्यक्ष होते आणि आजही तेच आहेत, खुर्चीला डिंक लावून बसले आहेत. त्यांनी पुण्याचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी गाठला. तो फोटो काढून गेला. समितीचं म्हणणं असं, की सत्तावीस वर्षं बंद असलेली वस्तू ठेवून करायचं काय? त्या जागी गार पाण्याची टाकी बसवू. मी एकटी उभी राहिले आणि म्हटलं, दसऱ्यापर्यंत मुदत द्या, मी चालू करून दाखवते.

बबनराव हसले. म्हणाले, "बाई, नागपूरच्या दोन घडीवाल्यायनं हात टेकले. तुमी काय जादू करून राह्यल्या?"

मी म्हटलं, लिहून घ्या. समितीचं इतिवृत्त मीच लिहिते, तेव्हा मीच लिहून घेतलं. दसऱ्याला ग्रंथपूजनाच्या वेळी घड्याळ चालू असलं, आणि त्यानंतरच्या सोमवारी व्यापारी येईल तेव्हाही चालू असलं, तर ते वाचनालयातच राहील. नाही तर तो घेऊन जाईल.

ते घड्याळ तुम्ही विसरलात असं मला सांगू नका. कापसाचं जिन बंद करून गोरा मॅनेजर निघून गेला आणि त्याच्या बंगल्यात, म्हणजे आजच्या आपल्या वाचनालयात, एवढं एक घड्याळ मागे राहिलं. काळ्या लाकडाची पेटी, वर पितळी कडी, आत तबकडी आणि तबकडीच्या डोक्यावर ती कमान. कमानीत रंगवलेला कालवा, काठावर गळ टाकून बसलेला मासेवाला, शेजारी ताक घुसळणारी बाई, मागे पवनचक्की. तासाचे ठोके सुरू झाले की तिघंही हलायला लागायचे. बाराच्या ठोक्यांना नगरपालिकेच्या शाळेतली पोरं धावत यायची आणि तुम्ही त्यांना सांगायचात, "पाह्यजा आता, ढिवरबुवा मासा धरते." मासा काही कधी निघाला नाही, पण पोरं दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची.

आणि तबकडीतली ती वाराची खिडकी. नाव डच भाषेत यायचं. तुम्ही सातवी पास, पण इंग्रजी अक्षरं एकेक जुळवून सातही वार पाठ केले होते. रविवार म्हणजे झोंडाग. एका किल्लीवर आठ दिवस चालणारं घड्याळ, म्हणून दर झोंडागला सकाळी दहा वाजता किल्ली. मी नवी लागले तेव्हा अख्खा एक महिना मला वाटत होतं, की झोंडाग हा तुमच्या गोंडीतला शब्द आहे.

मला दोन गोष्टी कळवा. तबकडी न तुटता कशी उतरवायची, आणि तुम्ही तेल कोणतं आणि किती घालायचात. ते बंद कसं पडलं, हे आता उगाळण्यात अर्थ नाही. झालं ते झालं.

वहिनींना नमस्कार सांगा.

वर्षाली


आर्वी, ३१ ऑगस्ट

पुनाजीभाऊ,

पोळा झाला, तान्हा पोळाही झाला, तुमचं उत्तर आलं नाही. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन बोजाऱ्याचे पैसे मागायला वाचनालयात आली होती. त्यातल्या एकीनं कमानीकडे बोट दाखवून विचारलं, "मॅडम, हे माणसं हलत काऊन नाई?" मी म्हटलं, दसऱ्याला हलतील. आता पोरांनाही शब्द दिला आहे. समितीला दिलेला शब्द एक वेळ मोडता येतो.

तुम्ही सांगत नाही म्हणून माझं अडलेलं नाही. मी पेटी उघडली. मागचं दार काढलं, मोबाइलवर फोटो काढले, मग एकेक स्क्रू काढून चहाच्या बश्यांमध्ये ठेवला आणि बशीत चिठ्ठी टाकली. अकरा बश्या झाल्या आहेत. वाचनालयात सध्या कुणालाच चहा मिळत नाही. तबकडी उतरवायला तीन दिवस लागले, आणि एका कोपऱ्यात टवका उडाला. तुम्ही असतात तर उडाला नसता, हे मान्य.

आत सगळं चिकटून बसलं आहे. चाकांच्या दात्यांत पिवळट, राळेसारखं काहीतरी. नखानं निघत नाही. रॉकेल लावून पाहिलं, ढिम्म. सत्तावीस वर्षांत तेल घट्ट होणारच, दुसरं काय.

आणि एक गोष्ट विचारते, राग मानू नका. खरं म्हणजे मानलात तरी विचारते. मासेवाल्याच्या हाताला आतून जोडणारी तार जागेवर नाही. तुटलेली नाही, नीट आकडा उलगडून काढलेली आहे. नागपूरचे घडीवाले एवढ्या निगुतीनं काही काढत नाहीत. ते काम तुमचं आहे. वाचनालयाची वस्तू तुम्ही घरी नेली, आणि मी मात्र इथे पत्रांवर पत्रं लिहायची, हा कुठला न्याय?

बबनराव रोज येऊन बश्या मोजतात आणि जातात.

वर्षाली


आर्वी, १४ सप्टेंबर, रविवार

पुनाजीभाऊ,

आज मी सावंगीला तुमच्या दारात होते. तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुम्ही आतल्या खोलीत होतात. तुमचा खोकला मी ओळखते, वर्षभर ऐकला आहे. तुमच्या लेकीची, रीनाची, हॉस्पिटलात ड्यूटी होती. दार धुरपतावहिनींनी उघडलं.

त्यांनी मला नखशिखान्त पाहिलं. मग म्हणाल्या, "बसा. चहा ठेवते. दारात पाहुणी आली म्हणून ठेवते, तुमी आल्या म्हणून नाई."

चहा उत्तम होता. मी तो पीत असताना त्या समोर बसून राहिल्या आणि मग जे बोलल्या ते तुम्ही भिंतीपलीकडून ऐकलंच असेल. तरी लिहिते, कारण मला ते माझ्या हातानं लिहायचं आहे.

"तुमची घडी जाऊन राह्यली तं तुमाले आमची आठवण आली. आमचा माणूस घरी बसला तवा काऊन नाई आली? चोरीचा आळ घेतला असता तं येवढं लागलं नसतं. पन कामात हयगय केली म्हणून लिवलं यायच्या नावानं. लेकीच्या बारशाले उशीर केला होता यायनं, झोंडागच्या चाबीले कवा नाई केला. तेव्हापासून घरात भिंतीवर घडी लावू देल्ली नाई मले. मोबाइलमंदी पाह्यतो आमी टाइम."

मी मान खाली घालून ऐकलं. निघताना म्हटलं, "वहिनी, मी पत्र लिहीन." त्या म्हणाल्या, "लिवा. लिवनं तुमाले चांगलं जमते."

बस वर्धा स्टँडवर उभी होती तेव्हाच ठरवलं, आता खोटं लिहायचं नाही. आधीच्या दोन पत्रांत मी दोनदा खोटं बोलले आहे. झालं ते झालं, हे एक. तेल आपोआप घट्ट झालं, हे दुसरं.

१९९८ चा दसरा. तुम्ही दोन दिवस गावी गेला होतात. जाताना किल्ली माझ्याकडे दिलीत आणि म्हणालात, "हात लावू नका, बाई, फक्त लक्ष ठेवा." मला नोकरीला लागून एक वर्षही झालं नव्हतं. आमच्या घरी दसऱ्याला लोखंडाच्या प्रत्येक वस्तूला जवसाचं तेल पाजायची रीत. विळा, कुऱ्हाड, बंडीचा आस, सगळ्यांना. बाबा होते तोवर ते करायचे. त्या वर्षी बाबा नव्हते, म्हणून सकाळी घरी मी केलं, आणि उरलेलं तेल वाटीत घेऊन वाचनालयात आले. घड्याळाला हळदकुंकू लावलं, आपट्याचं पान ठेवलं, मागचं दार उघडलं आणि चांगलं पळीभर तेल वरून सोडलं. मला वाटलं, यंत्राला तेल पाजलं, पुण्य लागलं. मनापासून हात जोडले होते मी.

जवसाचं तेल वाळतं. सुतार लाकडाला त्याचंच रोगण करतात, हे मला पुष्कळ वर्षांनी एका मासिकात वाचून समजलं. पण दिवाळीत घड्याळ मागे पडायला लागलं आणि डिसेंबरात थांबलं, तेव्हा मला ती तेलाची वाटी आठवली. कारण समजलं नव्हतं, तरी हात कुणाचा हे समजलं होतं.

मग ती बैठक. बबनरावांनी चिकटलेलं चाक दाखवून विचारलं, "हे काय होय?" तुम्ही म्हणालात, "मी महिन्यातून एक थेंब टाकतो, कोंबडीच्या पिसानं." ते म्हणाले, "मंग हे चिकट आलं कोठून? चाबी तुह्याजवळच राह्यते नं?" तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी रजिस्टरकडे पाहिलं. आणि लिहिलं, "शिपाई पुनाजी कुमरे यांच्या हयगयीमुळे घड्याळ नादुरुस्त झाले, सबब त्यांना कामावरून कमी करण्यात यावे." आज संध्याकाळी ते पान काढून पाहिलं. अक्षर सुरेख आलं आहे, एकही खाडाखोड नाही.

मला घड्याळ वाचवायचं आहे, हे अर्धंच खरं. ते पुण्याला गेलं, की तुमच्या नावावरचं ते वाक्य कायमचं खरं होऊन बसेल. मग मी किती का ओरडेना, दाखवायला काही उरणार नाही. मला ते चालू करायचं आहे आणि चालू घड्याळासमोर उभं राहून ते वाक्य खोडायचं आहे.

हे वाचून तुम्ही मला वाटेल ते बोला. फोन करून बोललात तर अधिक बरं.

वर्षाली


आर्वी, २८ सप्टेंबर, रविवार

पुनाजीभाऊ,

रीना गेल्या आठवड्यात येऊन गेली. तुम्ही सांगितलेलं आणि तिनं लिहून घेतलेलं असे चार कागद तिनं माझ्या हातात दिले. तुम्ही घड्याळ सत्तावीस वर्षं पाहिलं नाही, आणि कुठला स्क्रू आखूड, कुठला लांब, हे सांगता. मी बश्यांशी ताडून पाहिलं. एक चूक निघाली, ती माझी होती.

जाताना ती म्हणाली, "बाबानं अजून एक सांगाले सांगतलं, पन ते कागदावर लिवू नको म्हणे." मी म्हटलं, बोल. ती म्हणाली, "बाबा म्हणते, तेलाचा वास मले तवाच आलता. पेटी उघडली तं जवसाच्या चटणीवानी घमघमून राह्यली होती."

 मी विचारलं, "मग बोलले का नाहीत?" तर ती तुमच्याच शब्दांत म्हणाली, "बाईचा बाप त्याच उन्हाळ्यात गेलता. मागं दोन लहान बहिणी. मले जंगलात मजुरी भेटली असती, तिले कोठं भेटली असती?"

पुनाजीभाऊ, मला तुमचा भयंकर राग आला आहे. मी चोरून ठेवलेली गोष्ट तुमच्याकडे पहिल्या दिवसापासून उघडी पडलेली होती, आणि तुम्ही मला सत्तावीस वर्षं ती लपवत बसू दिलंत. तेव्हा रीना दोन वर्षांची होती. तुमच्याही घरी चूल होतीच की. वहिनींना तरी सांगायचं होतं. की त्यांनाही माहीत होतं, आणि तरी त्यांनी मला चहा दिला? याचं उत्तर मला नको. त्या दिवशीचा चहा मला अजून आठवतो आहे.

रडून झालं, मग कामाला लागले. तुम्ही म्हणालात तसं रॉकेल टाकून दिलं आणि पेंटरच्या दुकानातून टर्पेंटाइन आणलं. चाकं रात्रभर भिजवली, बांबूच्या काडीला टोक काढून एकेक दाता खरवडला. बोटांना वास इतका बसला की घरी पोळ्या करायची बंदी झाली. दाते उघडे पडत गेले तसा पितळेचा पिवळा रंग वर आला, तो त्या राळेपेक्षा किती वेगळा असतो. मंगळवारी पहिलं चाक बोटानं फिरलं. शुक्रवारी चाकांची सगळी माळ फिरली. तेल तुम्ही सांगितलंत तेच, नागपूरहून मागवलेलं, एका जागी एक थेंब, कोंबडीच्या पिसानं. पीस शेजारच्या खुराड्यातून पैदा केलं.

आज दहा वाजता किल्ली दिली. सोळा वळसे, हळू, शेवटचा अर्धा सोडून. लोलक हलवला. टक झालं, मग टक झालं नाही, मग झालं आणि मग थांबलंच नाही. वाराची खिडकी फिरवून झोंडागवर आणली. अकराला ठोके पडले तेव्हा ताकवाली हलली, पवनचक्की फिरली. मी एकटीच होते. टाळ्या वाजवल्या.

मासेवाला बसूनच आहे. तुमच्या चौथ्या कागदाच्या खाली एकच ओळ होती, "तार माह्याजवळ हाये, ते मागू नका." आधीच्या पत्रात मी चोरीचं सुचवलं होतं, ते शब्द परत घेते. मागणार नाही.

वर्षाली


आर्वी, ३ ऑक्टोबर

पुनाजीभाऊ,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. वर्ध्याच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देते आहे, रीना संध्याकाळी स्टँडवरून घेईल. उशीर करून चालणार नाही, का ते शेवटी कळेल.

काल दसरा झाला. साडेअकराला ग्रंथपूजन, झाडून सगळी समिती हजर. शब्द दिलेली पोरं तासभर आधीच येऊन बसली होती. बाराचे ठोके पडले, ताकवालीनं बारा वेळा रवी ओढली, पवनचक्की गरगरली, आणि पोरांनी जो गलका केला त्यात शेवटचे चार ठोके ऐकूच आले नाहीत. बबनराव चष्मा पुसून दोनदा जवळ गेले. म्हणाले, "बाई, मानलं तुमाले. पन तो ढिवर काऊन हलत नाई? बिघाड हाये का काई?" मी म्हटलं, "बिघाड नाही, तो रजेवर आहे."

मग मी जुनं रजिस्टर काढलं. ते पान वाचून दाखवलं, आणि त्यानंतर पळीभर तेलाची गोष्ट सांगितली, तुम्हाला लिहिली तशीच, काही न गाळता. कुणी तरी हसलं, "जवस चटणीत घालतेत, घडीत नाई."

बबनराव म्हणाले, "जाऊ द्या नं बाई. येवढ्या वर्साचं दसऱ्याच्या दिवशी कायले उकरता?"

"दसऱ्याच्या दिवशीच ओतलं होतं," मी म्हटलं.

त्यांनी रजिस्टर स्वतःकडे ओढून ते पान पाहिलं. नंतर हळूच म्हणाले, "पुनाजी तवाच बोलला असता तं..." मी म्हटलं, "बोलले होते. एक थेंब टाकतो म्हणाले होते. तुम्ही ऐकलं नाही आणि मी लिहिलं नाही."

ठराव असा झाला. १९९८ चा ठराव चुकीचा होता, तो रद्द. घड्याळ वर्षाली यांच्या हातून बिघडलं. पुनाजी कुमरे यांची समिती माफी मागते. हे पहिल्या ठरावाच्याच पानावर, समासात, लाल शाईनं लिहिलं, म्हणजे ते वाचणाऱ्याला हे वाचल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. बबनरावांनी सही केली तेव्हा त्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं, पण केली. माझं काय करायचं ते पुढच्या बैठकीत ठरेल. ठरवू देत. त्या बैठकीचं इतिवृत्त दुसऱ्या कुणी तरी लिहावं, एवढंच मी सांगितलं आहे.

ठरावात मी आणखी एक कलम घातलं. बाकीच्यांचं लक्ष तोवर प्रसादाकडे गेलं होतं, त्यामुळे ते बिनविरोध मंजूर झालं. घड्याळाची किल्ली यापुढे फक्त पुनाजी कुमरे यांच्याकडे राहील, आणि त्यांच्याशिवाय कुणीही घड्याळाला किल्ली देणार नाही. लिहिलं मी, सही अध्यक्षांची. आता मलाही हात लावता येत नाही.

मागच्या रविवारी दिलेली किल्ली सोमवारी सकाळपर्यंत पुरेल, असा माझा हिशेब आहे. व्यापारी सोमवारी बारा वाजता येतो आहे. तुम्ही म्हणाल, हा हट्ट झाला. झालाच. घड्याळ वाचवायला मी किल्ली दिली, तर ते माझं घड्याळ होईल. ते माझं कधीच नव्हतं.

झोंडागला सकाळी दहा वाजता दार उघडं असेल. वहिनींना घेऊन या, चहाच्या सगळ्या बश्या धुऊन ठेवल्या आहेत. तार आणायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पोरं मासेवाल्याची वाट पाहत आहेत एवढंच सांगते. आणि तुम्ही आला नाहीत तर सोमवारी घड्याळ थांबेल. ते कुणामुळे थांबलं हे मी आजच रजिस्टरात लिहून ठेवलं आहे, माझ्या नावानिशी. फक्त तारीख घालायची राहिली आहे.

वर्षाली